मोबाइलवर मात्र बरं लक्ष लागतं!

“मोबाइल हातात दिला की दोन-दोन तास जागचा हलत नाही. अभ्यासाला बसवला की पाच मिनिटांत तहान लागते, शू लागते, पेन्सिल हरवते. याला लक्ष लागत नाही असं कोण म्हणेल? लागतं की, पण हवं तिथेच लागतं!” एडीएचडीचं (लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं) निदान झालेल्या मुलाच्या घरात हे कुणी ना कुणी बोलतंच, बहुधा आजोबा, नाहीतर बाबा. बोलणाऱ्याचं निरीक्षण अगदी चोख असतं. चुकतो तो पुढचा निष्कर्ष, की म्हणजे पोरगं लबाड आहे आणि दोन धपाटे घातले की सुतासारखं सरळ येईल.

त्या निरीक्षणाचाच इथे माग काढू. या मुलांकडे लक्ष कमी असतं असं नाही. ते आपल्या मर्जीने एखाद्या कामावर लावायचं, तिथे धरून ठेवायचं आणि वेळ झाली की तिथून सोडवून घ्यायचं, ही व्यवस्था त्यांच्या मेंदूत कच्ची असते. मोबाइलवरून न उठणं आणि वहीसमोर न बसणं ही एकाच दोषाची दोन रूपं आहेत.

मोबाइलने हा विकार आणला, हा समज मात्र आधी बाजूला ठेवू. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली तीन व्याख्यानं दिली. बुद्धीने ठीक, पण स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन त्यांत आहे. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १७९८ साली, अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने अस्थिर लक्षाबद्दल लिहून ठेवलं होतं. जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर शंभरातल्या साधारण पाच मुलांमध्ये एडीएचडी आढळतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन जण झाले.

आता त्यातल्याच एकाच्या घरी जाऊ. मुलगा चौथीतला. आई स्वयंपाकघरातून सांगते, “आतल्या खोलीतून भूगोलाची वही आण, येताना पंखा बंद कर आणि पेन्सिलीला टोक करून बस.” मुलगा उठतो. दिवाणखान्यात टीव्हीवर मॅच लागलेली असते, तिथे क्षणभर थबकतो. आतल्या खोलीत शिरतो, तर पलंगाखाली परवा हरवलेला चेंडू दिसतो. पाच मिनिटांनी तो चेंडू भिंतीवर आपटत परत येतो. वही नाही, पंखा चालू, पेन्सिल बोथट. “मी सांगितलेलं ऐकलंस का?” ऐकलं होतं. आईने बोलणं संपवल्या क्षणी विचारलं असतं, तर तिन्ही कामं त्याने क्रमाने सांगितली असती. मग ती गेली कुठे?

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. आईचा आवाज थांबल्यावरही “वही, पंखा, पेन्सिल” एवढं जागतं ठेवणं हे त्याचं काम. तिथल्या चेतापेशी एकमेकींना सतत संदेश देत राहतात, आणि बाहेरून काही येत नसतानाही ती माहिती त्या आपसांत फिरती ठेवतात. याला कार्यकारी स्मृती म्हणतात. ती कागदावर लिहून ठेवल्यासारखी टिकाऊ नसते. दर सेकंदाला जपली तरच राहते. मधे मॅचचा आवाज घुसला की तो अडवणं हेही याच भागाचं काम. म्हणजे एकाच वेळी आतलं धरायचं आणि बाहेरचं थोपवायचं.

हे नीट व्हायला दोन रसायनं लागतात, डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षं या भागावर काम केलं आहे. त्यांच्या संशोधनाचा ढोबळ मथितार्थ असा, की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हव्या संदेशाला जोर देतं, आणि डोपामिन नको असलेल्या संदेशांचा गलका दाबतं. पण दोन्हींचं प्रमाण आमटीतल्या मिठासारखं असतं; कमी पडलं तरी बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं. कंटाळा आला, झोप झाली नाही, की प्रमाण खाली जातं आणि माणूस विस्कळीत होतो. भीती वाटली, ताण आला, की ते एकदम वर जातं आणि हा भाग जवळजवळ कामच थांबवतो. हे तुमच्या-माझ्या मेंदूतही होतं. एडीएचडीच्या मेंदूत ही यंत्रणा मुळात कमजोर असते आणि प्रमाण योग्य राहण्याचा टप्पा फार अरुंद असतो.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते कामाचं आहे. मुलाने तिसऱ्यांदा वही विसरली की आपण आवाज चढवतो. पहिल्यांदा त्याचा उपयोगही होतो, कारण दचकल्यामुळे खाली गेलेली रसायनं वर येतात. पालकांना वाटतं, बघा, ओरडलं की बरोबर ऐकतो. रोज ओरडा बसू लागला की मात्र तेच प्रमाण पलीकडे जातं, आणि जो भाग कामाला लागायला हवा तोच बंद पडतो. समोर उभं राहून पोर शून्य नजरेने बघत राहतं. त्याला आपण निगरगट्टपणा म्हणतो.

आता मोबाइलकडे वळू. त्यासाठी मेंदूत थोडं आणखी खोल जावं लागेल, स्ट्रायटम नावाच्या भागात. कशासाठी कष्ट घ्यायचे आणि कशासाठी नाही, याचा हिशेब तिथे होतो, आणि तोही डोपामिनवर चालतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक मोठी गोष्ट दिसली. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात. रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली, की काही दिवसांनी त्या पेशी रसाऐवजी दिवा लागतानाच उसळू लागतात. बक्षिसाचा आनंद बक्षिसाच्या खुणेपाशी सरकतो. रोजची कंटाळवाणी कामं आपण करतो ती याच सरकण्याच्या जोरावर. पहिल्या तारखेला पगार मिळणार असतो, पण महिनाभर काम रेटायचं बळ आधीच मिळत राहतं.

गेल ट्रिप आणि जेफ विकन्स या संशोधकांनी मांडलेला सिद्धान्त असा, की एडीएचडीत हे सरकणं नीट होत नाही. बक्षीस प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत आतून काही मिळतच नाही. सिद्धान्त अजून सिद्धान्तच आहे, पण त्याला धरून असलेल्या गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी पुढे आल्या आहेत. एडमंड सोनुगा-बार्क यांच्या प्रयोगांत दिसलं, की ही मुलं उशिरा मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा लगेच मिळणारं छोटं बक्षीस अधिक वेळा निवडतात. थांबणंच त्यांना असह्य होतं. नोरा व्होल्काव यांच्या चमूने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधी कधीही औषध न घेतलेल्या एडीएचडीच्या प्रौढांच्या मेंदूत, बक्षिसाच्या याच मार्गावर डोपामिनची काही ग्राहीस्थानं कमी आढळली.

मग वही आणि मोबाइल यांची तुलना कशी व्हायची? भूगोलाचा धडा वाचायचा आज, चाचणी पुढच्या आठवड्यात, गुण त्याच्याही नंतर, आणि बाबांची शाबासकी आलीच तर त्याच्या पलीकडे. मोबाइलवरच्या खेळात दर दोन-तीन सेकंदांनी काहीतरी मिळतं: आवाज, रंग, नाणं, पुढची पायरी. रील नको वाटली तर बोटाच्या एका हालचालीत दुसरी. धरून ठेवायला काही नाही, थांबायला काही नाही. तिथे मुलगा लक्ष देत नसतो, त्याचं लक्ष ओढून घेतलं जात असतं. खेळ बंद कर म्हटल्यावर जो आकांत होतो तोही यातलाच, कारण लक्ष सोडवून घ्यायलाही तोच कपाळामागचा भाग लागतो. चित्रकला, लेगो, क्रिकेट, किल्ला बांधणं यांतही हीच मुलं तहान-भूक विसरतात. म्हणून “याला हवं तिथे लागतं” हे वाक्य खरं आहे. फक्त ते ‘हवं तिथे’ त्याच्या हातात नाही.

याला जोडून आणखी एक जाळं आहे. आपण काहीच करत नसतो, खिडकीबाहेर बघत बसतो, तेव्हा मेंदूचे काही ठरावीक भाग एकत्र चालू होतात. त्यांना डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. गणित सोडवायला घेतलं की ते मंदावतं आणि कामाचं जाळं चालू होतं. एडीएचडीत ही अदलाबदल सफाईने होत नाही, असा एक भक्कम विचारप्रवाह आहे. गणित चालू असतानाच स्वप्नांचं जाळं मधे मधे जागं होतं. त्यामुळे या मुलांच्या चुका विचित्र वाटतात. अवघड गणित बरोबर, आणि शेवटी साधी बेरीज चुकलेली. बटण दाबण्याच्या साध्या चाचणीतही ही मुलं सरसकट हळू नसतात. बऱ्याच वेळा चटकन दाबतात, आणि मधेच एखाद्या वेळी खूपच उशीर करतात. माझ्या मते घरच्यांना सर्वांत जास्त छळतं ते हे कमी-जास्त होणं. काल जमलं ते आज का जमत नाही? आळस म्हणावा तर काल कुठे गेला होता? हा चढउतार म्हणजेच विकाराची खूण.

मेंदूची रचना वेगळी असते का? असते, पण फरक बारीक असतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूच्या चित्रणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००७ साली आले. वाढीच्या वयात मेंदूच्या सालीची जाडी वाढत जाते, एका वयात ती सर्वाधिक होते आणि मग कमी होऊ लागते. मेंदूच्या बऱ्याचशा भागात ही कमाल जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास आली, तर एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात. गंमत म्हणजे हालचालींचा भाग मात्र त्यांच्यात थोडा लवकरच पिकलेला दिसला. पाय तयार आणि लगाम उशिरा, असा हा प्रकार. वाढीचा रस्ता तोच, वेग कमी. म्हणून काही मुलांची चंचलता वयाबरोबर ओसरते. सगळ्यांची नाही.

पुढे २०१७ साली अनेक देशांतली तीन हजारांहून अधिक माणसांची चित्रणं एकत्र तपासली गेली. एडीएचडीच्या मुलांमध्ये मेंदूचे काही खोलवरचे भाग सरासरीने किंचित लहान निघाले, प्रौढांत हा फरक दिसला नाही. पण हे सरासरीचं बोलणं झालं. एकट्या मुलाचा एमआरआय बघून त्याला एडीएचडी आहे की नाही हे कुणीही सांगू शकत नाही. निदान होतं ते इतिहास विचारून, घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती घेऊन आणि मुलाला बघून. मेंदूचा रंगीत फोटो काढून खात्रीचं निदान करून देतो असं कुणी म्हटलं, तर पैसे खिशातच ठेवावेत.

हे सगळं मानेच्या वरचं झालं. शरीराकडे आपलं लक्ष कमीच जातं, आणि मुलाला शिक्षा मात्र बहुतेक वेळा शरीरावरूनच होते. पाय हलवू नकोस, बाकावर नीट बस, अक्षर बघ कसं काढलंयस. फ्लोरिडात मार्क रॅपोर्ट यांच्या चमूने मुलांना कार्यकारी स्मृतीची कामं दिली आणि हातापायांच्या हालचाली यंत्राने मोजल्या. काम जसं डोक्याला ताण देणारं झालं तशी हालचाल वाढली. पुढच्या एका अभ्यासात दिसलं, की एडीएचडीची मुलं जेव्हा जास्त हलत होती तेव्हा त्यांची स्मृती जास्त चांगली चालत होती. पाय हलवून मेंदू स्वतःला जागं ठेवत असावा. तेव्हा वर्गात पाठांतर करताना एखादा उभा राहून डुलत असेल तर त्याला डुलू द्यावं. स्थिर बसवलं तर त्याची सगळी शक्ती स्थिर बसण्यातच जाते.

अक्षराचंही तसंच. पेन्सिलीचा दाब, वेग, दोन अक्षरांतलं अंतर यांचा मेळ बसवायला लहान मेंदूचा मोठा हातभार लागतो, आणि तो भागही या विकारात गुंतलेला आहे. बऱ्याच मुलांत हाताचं कसब आणि तोल वयाच्या मानाने मागे असतो. म्हणून बुटाची नाडी उशिरा जमते, पाण्याचा पेला सांडतो, गुडघे कायम फुटलेले असतात. अपघात आणि दुखापतींचं प्रमाण या मुलांत इतरांपेक्षा जास्त आहे. अंथरूण ओलं करणंही इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं. त्यावरून मुलाला चारचौघांत लाजवणं हे तर शुद्ध क्रौर्य.

आणि झोप. दहा वाजता दिवा मालवला तरी साडेअकरापर्यंत टक्क जागा, सकाळी हलवून हलवून उठवावं लागतं, हे चित्र अनेक घरांत आहे. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलाटोनिन स्रवू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. झोप लागायला त्रास होणाऱ्या एडीएचडीच्या प्रौढांत हे स्रवणं इतरांपेक्षा सुमारे दीड तास उशिरा सुरू होतं, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांना आढळलं. लहान मुलांतही असा उशीर दिसला आहे, थोडा कमी. सकाळी सातची शाळा अशा मुलाला अर्ध्या झोपेतच गाठावी लागते, आणि झोप अपुरी राहिली की कपाळामागचा भाग आणखी ढिला पडतो. एकाने दुसरं वाढतं.

एडीएचडी येतो कुठून? बहुतांशी रक्तातून. जुळ्यांच्या अभ्यासांवरून याची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघते, जवळजवळ उंचीइतकी. एकच एक जनुक नाही. असंख्य जनुकांचा थोडा थोडा हात असतो. वेळेआधी जन्म, जन्मावेळी फार कमी वजन यांनीही शक्यता वाढते. आईच्या लाडाने हे होत नाही, आणि साखरेनेही नाही. गोड खाल्लं की मूल पिसाळतं हा समज मुलांना आणि पालकांनाही न सांगता साखर किंवा नकली साखर देऊन तपासला गेला. वागण्यात फरक पडला नाही.

औषधांच्या बाबतीत लोक एका कोड्यावर अडतात. आधीच उड्या मारणाऱ्या मुलाला उत्तेजक औषध का द्यायचं? याचा शोध अपघाताने लागला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर होते. मेंदूच्या एका तपासणीसाठी पाठीतून पाणी काढावं लागे आणि त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी काही फारशी गेली नाही, पण शिक्षकांना दिसलं की त्यातली बरीच मुलं अचानक अभ्यास करू लागली. १९३७ साली ब्रॅडलींनी हे प्रसिद्ध केलं. मुलांनी त्या गोळ्यांचं नाव ठेवलं होतं, गणिताच्या गोळ्या.

आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मेथिलफेनिडेट. ते १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझोन यांनी तयार केलं. त्याचं रिटालिन हे नाव त्यांच्या पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून आलं. एका पेशीने सोडलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारे पंप असतात. हे औषध ते पंप अडवतं, त्यामुळे रसायन जास्त वेळ जागेवर राहतं. उत्तेजित होतो तो लगाम, म्हणून मूल शांत दिसतं. भारतात हे मिळतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, कारण कायद्याने त्याच्या विक्रीवर कडक नियंत्रण आहे. दुसरं औषध अ‍ॅटोमोक्सेटिन. ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे पंप अडवतं. आणि कपाळामागच्या भागात डोपामिनचे स्वतःचे पंप कमी असल्यामुळे तिथलं डोपामिनही नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्याच पंपांनी ओढलं जातं, म्हणून एका औषधाने तिथे दोन्ही वाढतात. त्याचा परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागतात. मेथिलफेनिडेटचा त्याच दिवशी दिसतो आणि साधी गोळी असेल तर तीन-चार तासांत ओसरतो.

शरीरावर याची किंमत असते आणि ती लपवू नये. मेथिलफेनिडेटने भूक मरते. डबा तसाच परत येतो आणि रात्री नऊ वाजता मूल फ्रिज उघडून उभं राहतं. दुपारी उशिरा गोळी दिली तर झोप आणखी लांबते. नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो. वर्षानुवर्षं सलग घेणाऱ्यांच्या उंचीत एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक काही अभ्यासांत दिसला आहे. म्हणून दर भेटीला वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघणारा डॉक्टर धरावा. गोळीने लक्ष धरता येतं, पण दप्तर कसं भरायचं हे गोळी शिकवत नाही. त्यासाठी एका वेळी एकच सूचना, डोळ्यांसमोर लावलेला फळा, कामाचे छोटे तुकडे आणि लगेचची शाबासकी लागते. वरच्या गोष्टीतल्या आईने आधी नुसती वही मागितली असती, तर वही आली असती.

निदानाला जाण्याआधी कान, डोळे आणि घसा तपासून घ्यावा. घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडमुळे रात्री नीट झोपत नाही आणि दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. क्षणभर शून्यात जाणं हा फिट्सचाही प्रकार असू शकतो.

मुली यात हमखास निसटतात. त्या बाकावर चढत नाहीत, मागच्या रांगेत वहीच्या कडेला नक्षी काढत बसतात. कुणाला त्रास नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. त्यांतल्या कित्येकींना स्वतःच्या मुलाचं निदान होताना, डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता, आपलंच बालपण ऐकू येतं. मोठेपणी धावपळ आत जाते: हातपाय शांत, पण डोकं थांबत नाही. वीजबिलाची तारीख चुकते, गॅसवर दूध विसरतं, अर्धवट कामांचा ढीग साचतो, गाडी चालवताना धोका वाढतो. प्रौढाचं निदान करताना डॉक्टरांना हे बाराव्या वर्षाआधीही होतं का ते पाहावं लागतं, कारण २०१३ पासूनच्या अमेरिकी निकषांत तशी अट आहे; आधी ती सातव्या वर्षाची होती. तेव्हा भेटीला जाताना आईला किंवा मोठ्या भावंडाला बरोबर न्यावं, आणि माळ्यावर प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही. गुण बघायचे नसतात, खालचे बाईंचे शेरे बघायचे असतात.